पेट्रोल, पाणी, हवा, ब्रेक, झोप

विमान चालवणारा माणूस नोकरीवर मोटारीने जातो, हे आमच्या नवागामच्या गल्लीत कुणालाच पटत नसे. मलाही पटलं नव्हतं. माझ्या साडूने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. विमान त्याच्या हातात असतं, मग तो गच्चीवरूनच उडून का जात नाही, असं मी विचारलं आणि ओट्यावर बसलेले सगळे हसले. साडूही हसला. त्याचा हाच स्वभाव मला आयुष्यभर छळत आला. त्याची टिंगल केली तर तो आपल्याबरोबर हसतो आणि टिंगल करणाऱ्याचा पार विरस होतो.

खरी गोष्ट साधी होती. सुरतेच्या विमानतळावर तेव्हा एखादं लहान विमान यायचं, काही महिन्यांत तेही बंद पडायचं, आणि मग तिथे गवत वाढायचं. साडूच्या मालकांचं, म्हणजे कॅप्टनसाहेबांचं, विमान मुंबईहून सुटे. त्यांची बायको डॉक्टर, तिचा दवाखाना घोडदोड रोडला, घरात म्हातारे आईवडील. त्यामुळे संसार सुरतेत आणि नोकरी मुंबईत. आधी ते रेल्वेने जात. एकदा वलसाडच्या पुढे रेल्वे चार तास उभी राहिली आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला विमान न्यावं लागलं. तेव्हापासून त्यांनी रेल्वेचं नाव टाकलं. मोटारीने हायवे धरला की सहा-सात तासांत थेट विमानतळ, मुंबई शहरात शिरायचीही गरज नाही. मोटार स्वतः चालवत नसत. संध्याकाळी विमान चालवायचं तर दिवसा अंग ताजं राहिलं पाहिजे, म्हणून ते मागच्या सीटवर झोपून जायचे. पुढे ड्रायव्हर म्हणून माझा साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघेही खानदेशातले, एकाच सासऱ्याचे जावई, नवागाममध्ये समोरासमोरच्या खोल्यांत राहणारे. तो सुरतेत आला तेव्हा त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती. मी कडोदऱ्याच्या एका लूमवाल्याचा टेम्पो चालवत होतो. कच्च्या कापडाचे ताके कडोदऱ्याहून भरायचे आणि सुरतेच्या मार्केटात उतरवायचे. बायकोने भुणभुण लावली म्हणून मी त्याला टेम्पोवर हमाल म्हणून घेतलं. डिंडोलीच्या मोकळ्या रानात रविवारी गाडी चालवायला शिकवलं. क्लच कसा सोडायचा, आरशात कसं बघायचं, सगळं माझ्या हातचं. चाक बदललं की नट घट्ट करायचे, मग एकदा फेरी मारून प्रत्येक नटाला पुन्हा हात लावायचा, मग चाकाला पाय लावून हलवून बघायचं. ही माझी पद्धत. मला माझ्या उस्तादाने शिकवली होती आणि मी साडूला शिकवली.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही माल भरून कडोदऱ्याच्या चार रस्त्याला थांबलो होतो. पलीकडे एक पांढरी एसीवाली मोटार पंक्चर होऊन उभी. बाजूला पांढऱ्या शर्टातला, काळा टाय लावलेला, खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला एक माणूस घड्याळाकडे बघत होता. त्याचा ड्रायव्हर जॅक हातात धरून नुसताच गाडीभोवती फिरत होता. मी स्टिअरिंगवर पाय टाकून आरामात बसलो होतो. मी साडूला म्हणालो, जा रे, चाक बदलून दे, तेवढंच पुण्य.

हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने. पुढचे कित्येक महिने मी हे वाक्य आठवून स्वतःवर दात-ओठ खाल्ले.

साडू गेला. चाक बदललं. नट घट्ट केले, फेरी मारून पुन्हा हात लावला, पायाने चाक हलवून बघितलं. तो माणूस बघत होता. साडूने नंतर सांगितलं, त्याने हिंदीत विचारलं की पुन्हा का बघितलंस. साडू म्हणाला, सवय आहे. ही सवय कुणाची, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. मी टेम्पोतून बघत होतो, मला ऐकू येत नव्हतं, पण त्या माणसाने खिशातून कार्ड काढून त्याच्या हातात दिलेलं मला स्पष्ट दिसलं. आठ दिवसांनी साडू टेम्पोवरून उतरला आणि मोटारीत बसला.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. कुणी म्हणेल, यात वाईट काय? मी जेवत होतो, टेम्पो चालवत होतो, अंगाला काही झालं नव्हतं. पण रोज सकाळी समोरच्या दारातून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला साडू बाहेर पडे आणि मी बनियनवर दात घासत उभा असे. त्याच्या शर्टाला एक डाग नाही आणि माझ्या अंगाला कच्च्या कापडाच्या खळीचा वास. गल्लीतल्या बाया त्याला बघून पदर सावरायच्या. मला बघून कधी सावरले नाहीत.

साहेबांची एक रीत होती आणि साडूने ती आमच्या गल्लीत आणली. विमान उडवण्याआधी म्हणे दोघं जण एक यादी मोठ्याने वाचतात. एकाने नाव घ्यायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. साहेबांनी मोटारीसाठीही तशी पाच गोष्टींची यादी केली होती. निघायच्या आधी ते बाहेर उभे राहून विचारत. पेट्रोल? साडू काटा बघून म्हणे, ओके. पाणी? ओके. हवा? ओके. ब्रेक? ओके. आणि शेवटी साहेब त्याच्या डोळ्यांत बघून विचारत, नींद? साडू म्हणे, हो गई. मगच साहेब मागे बसत.

महिनाभरात गल्लीतली पोरं सायकलच्या टायरीला काठी मारायच्या आधी हे म्हणू लागली. पेट्रोल ओके, पाणी ओके. माझी पोरगीसुद्धा. मी तिला एक धपाटा घातला. बायकोने विचारलं, का मारलं? मी म्हणालो, दारात कटकट नको. तिने पोरीला जवळ घेतलं; तिला कळलं होतं.

बायकोला सगळं कळायचं आणि त्याहून वाईट म्हणजे तिलाही तेच होत होतं. साहेब विमानातून लहान लहान पुड्या आणत, मिठाच्या, मिऱ्याच्या, साखरेच्या. अत्तराचा वास असलेले ओले कागद आणत, हात पुसायला. ते साडूला देत आणि साडू घरात पाऊल टाकायच्या आधी निम्म्या आमच्या दारात देऊन जाई. मोठ्या घराचा मान म्हणून. त्याने दिल्या नसत्या तर मला बरं वाटलं असतं, चार शब्द बोलायला जागा मिळाली असती. बायकोने एक ओला कागद न फोडता ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवला. मला तो सापडला तेव्हा मी तो फोडून टेम्पोची काच पुसली. काच स्वच्छ झाली नाही.

त्या वर्षी आखाजीला आम्ही सगळे सासुरवाडीला गेलो. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण, दिवाळीहून मोठा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, मांडे होतात, आमरस होतो. जावयांचा मान असतो आणि मोठा जावई म्हणून पहिलं ताट, पहिलं पाणी इतकी वर्षं माझं. त्या दिवशी पारावर बसलेल्या पाहुण्यांना सासऱ्यांनी साडूची ओळख करून दिली, हा आमचा विमानवाला जावई. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, आणि हे मोठे. बस, एवढंच. मी काय करतो, कुठे असतो, काही नाही. लोक साडूला विचारू लागले, विमान केवढं असतं, आत संडास असतो का, वर ढगात थंडी वाजते का. त्याने विमान आतून बघितलंही नव्हतं. तो खरं तेच सांगत होता, की मी फक्त मोटार चालवतो. तरी सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. ताटं आली तेव्हा सासूने पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उचलून माझ्यापुढे सरकवलं. मी तो मांडा ताटात नुसता मोडत बसलो.

मग खोलीची गोष्ट निघाली. साहेबांच्या बंगल्याच्या मागे एक पक्की खोली होती. वर स्लॅब, आत नळ, बाजूला वेगळा संडास. आमच्या नवागाममध्ये पाणी यायचं तासभर, आणि त्या तासात बाया हंड्यांवरून एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या. साहेबांनी साडूला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून कुटुंब घेऊन इथेच ये. पगारी नोकरी पक्की, शाळा जवळ. साडूच्या बायकोने हे माझ्या बायकोला नळावर सांगितलं. माझी बायको दोन हंडे घेऊन घरात आली, ते खाली ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनी बहीण आते पक्का खोलीम्हा ऱ्हाई. नळ घरम्हाच शे."

मी म्हणालो, मग जा तिच्या घरी पाणी भरायला. तिने तिसरा हंडा उचलला आणि पुन्हा नळावर गेली. मी चुलीसमोर बसून हिशेब लावत होतो की जर त्या दिवशी मी स्वतः टेम्पोतून उतरलो असतो, तर हा नळ माझ्या घरात असता. मत्सर हा शब्द मी शाळेत वाचला होता. तो पोटात जळजळतो, खरोखरीच जळजळतो, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

महिना संपायला आठवडा उरला असताना साडूची मुलगी आजारी पडली. तीन वर्षांची पोर, टायफॉईडचा ताप. सरकारी दवाखान्यात दाखल केली. दिवसा माझी बायको तिच्या बहिणीबरोबर बसे, रात्री साडू. दोन रात्री तो पोरीच्या उशाशी बसून होता, कपाळावर पट्ट्या बदलत. मी डबा घेऊन जात होतो, मी बघितलं आहे. मी त्याला म्हणालोही, तुझ्या डॉक्टरबाईंना सांग की. तो म्हणाला, नको दादा, आता खोली द्यायच्या वेळेला कुठे रडगाणं सांगू, त्यांना वाटेल हा माणूस अडचणीचा आहे. तो मला दादाच म्हणतो. साडूभाऊ म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना मुंबईला सोडायचं होतं. सहाच्या सुमाराला मी नळावर होतो. साडू आला, डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. त्याने डोक्यावर तांब्याने पाणी ओतलं, मग आणखी ओतलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, आज मनासंगे येशी का? नुसता बाजूले बठ. मना डोया मिटी ऱ्हायनात."

मी म्हणालो, कडोदऱ्याला माल भरून ठेवलाय, मालक वाट बघतोय.

माल भरलेला नव्हता. त्या दिवशी कडोदऱ्याला वीज बंदची पाळी होती, लूम बंद, टेम्पो बंद. मी दिवसभर मोकळा होतो. मी त्याच्या बाजूला बसलो असतो, नवसारी गेल्यावर साहेब झोपले की स्टिअरिंग माझ्या हातात घेतलं असतं, आणि रात्री दोघं भाऊ जेवायला घरी आलो असतो. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. नंतर सुचलं असं मी आजही म्हणणार नाही. पण बाजूला बसायचं? त्याच्या मोटारीत, त्याच्या साहेबाच्या, बदली म्हणून?

तो कपडे घालून निघून गेला. मी घरात आलो. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या कोपऱ्यात साडूने स्वतःच्या हाताने साहेबांच्या घरचा नंबर लिहून ठेवला होता, अडीनडीला लागला तर असावा म्हणून. मी तो नंबर तळहातावर लिहिला आणि नाक्यावरच्या पीसीओत गेलो. काचेचं दार लावून घेतलं. पलीकडून बाईंचा आवाज आला. मी गुजरातीत बोललो, आवाज जरा जाड करून. तुमचा ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नाही, साहेबांना सांगा, त्याला गाडी देऊ नका. बाईंनी विचारलं, कोण बोलताय? मी फोन ठेवला.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा, तो म्हणेल की बरोबर केलंस. हायवेवर झोपलेल्या ड्रायव्हरने काय होतं ते मी कामरेजच्या वळणावर दोनदा बघितलं आहे. हे सगळं मी घरी येईपर्यंत मनाशी घोकत होतो. पण पीसीओच्या काचेत मला माझं तोंड दिसलं होतं आणि ते काळजीत पडलेल्या माणसाचं तोंड नव्हतं.

दीड तासाने साडू रिक्षाने परत आला. मी ओट्यावरच होतो. तो माझ्याजवळ बसला आणि सांगू लागला. यादी झाली, पेट्रोल पाणी सगळं झालं, साहेबांनी विचारलं नींद, मी म्हणालो हो गई. साहेबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, हो गई. मग त्यांनी चावी मागून घेतली. म्हणाले, घरी जाऊन झोप. कुणीतरी फोन केला होता म्हणे. मग विचारलं, तुझ्या ओळखीचा दुसरा भरवशाचा ड्रायव्हर आहे का, मला दुपारपर्यंत पोहोचायचंय. मी तुझं नाव सांगितलं दादा. ज्याने मला शिकवलं त्याला आणतो म्हणालो. चल लवकर. तुझा माल भरलाय ना, मालकाला मी निरोप देतो.

मी म्हणालो, मालकाचं मी बघतो. माझ्याकडे चांगला शर्ट नव्हता. त्याने स्वतःच्या अंगातला इस्त्रीचा शर्ट काढून मला दिला आणि माझं बनियन घालून ओट्यावर बसला. शर्ट मला खांद्यात तंग होत होता. मी बटणं लावत होतो आणि तो सांगत होता, कॅसेट लावू नको, ब्रेक एकदम मारू नको, मनोरला थांबतात, चहा बिनसाखरेचा घेतात, मुंबईला पोहोचलास की बाईंना घरी फोन करायचा, न विसरता. रिक्षा वळली तेव्हा तो ओट्यावरच मागे भिंतीला टेकून झोपी गेलेला मला दिसला.

साहेब मोटारीबाहेर उभे होते. टोपी मागच्या सीटवर ठेवलेली. इतके महिने ज्या यादीचा मी राग केला, ती आता माझ्यासाठी होती. पेट्रोल, ओके. पाणी, ओके. हवा, ओके. ब्रेक, ओके. नींद? मी म्हणालो, हो गई. त्या दिवशी ते खरं होतं. मी घोरत झोपलो होतो.

गाडी लोण्यासारखी चालत होती. क्लचला जोर लावावा लागत नव्हता. पलसाण्याच्या आतच साहेब झोपले. मी आरशात त्यांच्याकडे बघत होतो. विमान उडवणारा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता आणि त्याला मी उचलून मुंबईला नेत होतो. मला वाटलं, आता मी हे कुणाला देणार नाही. एसीच्या गार हवेत मी स्वतःशी हसलो.

मनोरला ते उठले. चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्हारे भाई ने झूठ क्यों बोला?"

मी चहा फुंकू लागलो. ते पुढे म्हणाले, "थका हुआ आदमी चलेगा. बोल दे, मैं छुट्टी दे दूँगा. लेकिन नींद पर झूठ बोलने वाला नहीं चलेगा. कोई वजह थी क्या?"

वजह माझ्या जिभेवर होती. तीन वर्षांची होती, दवाखान्यात होती, तिच्या कपाळावर ओली पट्टी होती. एक वाक्य बोललो असतो तर त्या माणसाने तिथूनच बायकोला फोन लावून पोरीचा इलाज करवला असता, साडूची नोकरी आणि खोली दोन्ही राहिली असती. साहेब माझ्याकडे बघत होते. घाई नव्हती त्यांना.

मी म्हणालो, "पता नहीं साब."

पीसीओतला फोन मी कुणालाही सांगू शकतो. त्याची बाजू घेता येते. या तीन शब्दांची बाजू मला आजवर घेता आलेली नाही.

विमानतळावर त्यांना उतरवलं. टोपी घालून ते काचेच्या दारातून आत गेले. मी बूथ शोधून बाईंना फोन केला, पोहोचलो म्हणून सांगितलं. त्यांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सवारे पण तमे ज फोन करेलो ने?" सकाळीही तुम्हीच फोन केला होता ना. आवाज जाड करायचा मी या वेळी विसरलो होतो.  बाई म्हणाल्या, घाबरू नका, तुम्ही चांगलं केलंत, स्वतःच्या भावाबद्दल खरं बोलायला हिंमत लागते. तुमच्या भावाला आम्ही कळू देणार नाही.

आणि अशा रीतीने खरं बोलणारा माणूस म्हणून मला ती नोकरी मिळाली. साहेबांनी परत आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ऐसा आदमी चाहिए. साडूला त्यांनी पगार चुकता करून, नीट बोलून सोडलं; पोरीचं आजारपण साडूने तेव्हाही सांगितलं नाही. तो पुन्हा कडोदऱ्याच्या टेम्पोवर गेला, माझ्या जागी. त्याची पोरगी आठ दिवसांत बरी होऊन घरी आली. पहिल्या तारखेला आमचं बिऱ्हाड खोलीत हललं तेव्हा ट्रंका, हंडे, पलंग त्यानेच टेम्पोत भरून आणले. माझ्या बायकोने नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. तिची बहीण तिला भांडी लावू लागली, आणि एकदा फक्त म्हणाली, पाण्याला जोर चांगला आहे.

पुढच्या आखाजीला आम्ही सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांनी पारावर माझ्याकडे हात केला, हे आमचे विमानवाले. लोकांनी मला विचारलं, वर थंडी वाजते का. पहिलं ताट माझ्यापुढे आलं, या वेळी कुणी सरकवलेलं नव्हतं. साडू माझ्या बाजूला बसून आमरस ओरपत होता. कुणीतरी त्याला छेडलं, काय पाव्हणे, विमान हातचं गेलं ना. त्याने बोटं चाटली आणि शांतपणे सांगितलं, "ज्यानी फोन करा, त्यानं भलं होवो. तो नही ऱ्हाता ते मी त्या दिवस साहेबसंगे कोठे तरी घुसी जातू. मनी पोर बिनबापनी व्हई जाती."

सगळे माना हलवू लागले. सासरे म्हणाले, देवमाणूस असेल. मी आमरसाची वाटी तोंडाला लावली.

जेवण झाल्यावर साडूने ओसरीत गोणपाट टाकलं, हाताची उशी केली आणि एकदोन जांभया देऊन झोपी गेला. त्याची मुलगी येऊन त्याच्या पोटावर बसली तरी जागा झाला नाही. मी खांबाला टेकून त्याच्याकडे बघत राहिलो. माझ्याकडे नळ होता, स्लॅबची खोली होती, वर पंखा होता. त्या पंख्याखाली मी वर्षभर छताकडे बघत पडून असायचो, मनोरचा तो चहाचा कप माझ्यासमोर यायचा. आणि हा गोणपाटावर असा झोपला होता. इतका हेवा मला त्याच्या मोटारीचा वाटला नव्हता, त्याच्या खोलीचाही वाटला नव्हता. त्याला हलवून उठवावं असं मला वाटलं.

दोन दिवसांनी सुरतेत परत आलो. सकाळी साहेब मोटारीबाहेर उभे होते. पेट्रोल, ओके. पाणी, ओके. हवा, ओके. ब्रेक, ओके.

"नींद?"

"हो गई," मी म्हणालो, आणि साहेब मागे बसून निवांत झोपले.